वाचकांचे प्रश्न : प्रेमकथेचा विद्यार्थी-लघुपट

या वेळी सदराकडे आलेली बहुतेक पत्रे माध्यम अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची आहेत. सत्राच्या अखेरीस लघुपट सादर करायचा आहे, विषय बहुतेकांनी प्रेमाचा निवडला आहे आणि अडचणीही एकमेकींशी जुळणाऱ्या आहेत, म्हणून निवडक पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही पाच जण मिळून १० मिनिटांचा प्रेमकथेचा लघुपट करीत आहोत. संहिता १८ पानांची असून तीत महाविद्यालय, एसटी स्थानक, पावसातला पन्हाळा, रुग्णालय आणि शेवटी रेल्वे स्थानक असे प्रसंग आहेत. आमच्याजवळ एक मोबाइल, मित्राचा एक कॅमेरा आणि दोन दिवस आहेत. संहिता सोबत जोडली आहे. हे जमेल का?
— माध्यम अभ्यासक्रमाचे विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोन दिवसांत हे पाचही प्रसंग कसेबसे चित्रित होतील, परंतु त्यांतील एकही नीट होणार नाही. ठरावीक मांडणीत लिहिलेल्या संहितेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा हिशेब चित्रपटसृष्टीत धरला जातो. दाट टंकलेखनातील मराठी संहितेला तो हिशेब लागू पडत नाही, म्हणून हालचाली आणि थांबे धरून, घड्याळ लावून संहिता मोठ्याने वाचून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे. तुमची संहिता अशी वाचली तर ती २० मिनिटांच्या पुढे जाईल असा माझा अंदाज आहे. त्यात जागा बदलण्याचा वेळ मिळवा. सामान आवरणे, प्रवास, पुन्हा प्रकाशयोजना, पुन्हा जेवणाची सोय, यांत दिवसाचा मोठा भाग निघून जातो. नवख्या गटाकडून दिवसभरात कॅमेऱ्याच्या १२ ते १५ मांडण्या (कॅमेरा आणि दिवे नव्या जागी लावून घेतलेले शॉट) झाल्या तर ते चांगले काम समजावे.

मात्र तुमच्या संहितेच्या सातव्या पानावर एक लहानसा प्रसंग आहे आणि माझ्या मते तुमचा लघुपट तेवढाच आहे. एकांकिकेच्या तालमीत नायक एक वाक्य पुन्हा पुन्हा विसरतो, विंगेत उभी असलेली मुलगी ते त्याला हळूच सांगते, आणि ज्या दिवशी प्रॉम्प्टिंगला दुसराच कोणी उभा असतो त्या दिवशी त्याला ते वाक्य बिनचूक आठवते. तुम्ही हा प्रसंग अर्ध्या पानात उरकून पन्हाळ्याकडे धाव घेतली आहे. प्रेमकथेला दोघांच्या मध्ये काहीतरी असावे लागते, आणि ते काहीतरी तुम्ही रुग्णालयातल्या अपघातातून आणू पाहता. येथे ते आधीच हजर आहे. तो उजेडात आणि ती अंधारात, त्याने विंगेकडे पाहायचे नाही आणि तिचा आवाज प्रेक्षागृहापर्यंत जायचा नाही, हा तालमीचा नियमच त्यांची अडचण आहे. शिवाय जागा एकच, तीही बहुधा तुमच्याच महाविद्यालयातील. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांमुळे एकांकिकेच्या तालमी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी जवळून पाहिलेल्या असतात. खडूने आखलेला सेट, एकमेकांवर रचलेल्या खुर्च्या, तालीम मध्येच थांबवणारा चहा, हे तपशील तुम्हाला शोधत फिरावे लागणार नाहीत.

चित्रीकरण असे करता येईल. प्रथम प्रेक्षागृहातून संपूर्ण प्रसंग एका सलग वाइड शॉटमध्ये घ्यावा. त्यात नायक मध्ये आणि विंग चौकटीच्या उजव्या बाजूला ठेवावी. या दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मानावी आणि पुढचे सगळे शॉट त्या रेषेच्या प्रेक्षागृहाकडील बाजूनेच घ्यावेत. मग क्लोजअपमध्ये तो उजवीकडे पाहील, ती डावीकडे पाहील, आणि दोघे वेगवेगळ्या चौकटींत असूनही एकमेकांकडे पाहत आहेत हे प्रेक्षकाला न सांगता कळेल. ‘लाइन क्रॉस’ झाली तर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि त्यांचे नाते त्या क्षणापुरते तुटते. प्रेमकथेत ही चूक इतर कोणत्याही कथेपेक्षा अधिक महागात पडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोघांचेही क्लोजअप प्रसंगाच्या पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सलग घ्यावेत. विद्यार्थी बहुधा ज्याचे वाक्य आहे त्याच्यावर कॅमेरा लावतात आणि वाक्य संपताच ‘कट’ म्हणतात. वाक्य संपल्यानंतरची तीन-चार सेकंदे आणि समोरच्याचे वाक्य ऐकतानाचा चेहरा, हा ऐवज त्यामुळे चित्रित होतच नाही. या कथेत तर सगळे काही त्या चेहऱ्यांवरच घडणार आहे. तो वाक्य विसरला आहे हे त्याने सांगण्यापूर्वी तिला कळते, आणि हे तिला कळताना आपण पाहिले पाहिजे.

एसटी स्थानक, पन्हाळा आणि रेल्वे स्थानक पुढच्या लघुपटांसाठी ठेवा. रुग्णालय काढूनच टाका.

प्रश्न : मी दिग्दर्शन करीत असलेल्या लघुपटातील नायक आणि नायिका आमच्याच वर्गातील आहेत. एकमेकांकडे प्रेमाने पाहायचे म्हटले की त्यांना हसू फुटते. शेवटी एक मिठीचा प्रसंग आहे. नायिका तयार आहे असे म्हणते, परंतु तिच्या मनात संकोच आहे असे मला वाटते. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटची गोष्ट आधी घेतो. संकोच आहे असे तुम्हाला वाटत असेल तर तो आहे असेच धरून चालावे. मैत्रिणीला नाही म्हणणे परक्या दिग्दर्शकाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड असते, त्यामुळे तिच्या होकाराचा सोयीस्कर अर्थ लावू नये. मोठ्या निर्मितींमध्ये आता अशा प्रसंगांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे प्रसंग कलाकारांच्या संमतीने आखून देणारे तज्ज्ञ, नेमले जातात. तुमच्याकडे ते शक्य नाही, तरी त्या कामाचा गाभा उचलता येतो. नेमके काय करायचे आहे, हात कोठे असतील, शॉट किती वेळ चालेल, त्या वेळी खोलीत कोण असेल, हे दोघांशी स्वतंत्रपणे बोलून लिहून काढावे. ठरल्यापेक्षा वेगळे काहीही ऐन वेळी सुचवू नये आणि त्या दिवशी सकाळीसुद्धा नकार देण्याची मुभा ठेवावी. ही बोलणी दोघांचा विश्वास असलेल्या तिसऱ्या कोणीतरी करावीत. तुम्हाला तो शॉट हवा आहे, म्हणून तुम्ही ती करू नयेत. लघुपट केवळ वर्गात दाखवणार की इंटरनेटवर टाकणार, हेही चित्रीकरणापूर्वी सांगून दोघांची लेखी संमती घ्यावी. कलाकार १८ वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्यावीच, आणि शारीरिक जवळिकीचा प्रसंग तर ठेवूच नये.

मुळात ती मिठी हवी आहे का, याचाही विचार करावा. शेवटी मिठी येणार हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून माहीत असते. ती आली नाही आणि तिच्या जागी एखादी त्याहून लहान कृती आली, तर प्रेक्षक अधिक सावध होऊन पाहतो. हा केवळ संकोचावरचा तोडगा नाही. कथेच्या दृष्टीनेही मला तो अधिक चांगला वाटतो.

हसू फुटण्याचे कारण तुमच्या सूचनेत आहे. ‘प्रेमाने पाहा’ ही करता येण्याजोगी गोष्ट नाही. नटाला काम द्यावे. तो दार उघडेपर्यंत तिने कपाळावरची बट तीनदा मागे सारायची, किंवा तो बोलत असताना त्याच्या शर्टाचे कोणते बटण तुटले आहे ते शोधायचे, असे साधे काम डोळ्यांना दिले की चेहरा आपोआप थांबतो आणि प्रेक्षक त्यात हवे ते वाचतो. वाइड शॉट आधी आणि क्लोजअप नंतर घेण्याची पद्धतही येथे उपयोगी पडते, कारण तोपर्यंत दोघे प्रसंगात रुळलेले असतात. एकाचा क्लोजअप चालू असताना दुसऱ्याने कॅमेऱ्याशेजारी उभे राहून आपली वाक्ये खरोखर म्हणावीत. त्या वेळी मोबाइल पाहत बसणाऱ्या नायकाला मी चहाला पाठवीन आणि त्याची वाक्ये स्वतः म्हणेन.

प्रश्न : आमच्या मोबाइलवरच्या चित्रीकरणात ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात आणि नायिका खिडकीजवळ गेली की सगळे चित्र अंधारते. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी कॅमेरा भाड्याने घ्यावा का?
— तृतीय वर्ष, सातारा

उत्तर : पट्ट्यांचे कारण विजेत आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तीव्र होतात, आणि मोबाइल मात्र बहुधा सेकंदाला ३० चौकटींवर (फ्रेमवर) लावलेला असतो. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवले की दोन्हींचा मेळ बसतो आणि पट्टे बहुतेक वेळा जातात. आयफोनमध्ये २५ चौकटींचा पर्याय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ या नावाखाली चालू करावा लागतो; ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे विनामूल्य अॅप वापरले तर शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या रंगाचा समतोल) हे सगळे एकाच ठिकाणी पक्के करता येते.

चित्र अंधारण्याचा दोष आपोआप बदलणाऱ्या एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेरा किती प्रकाश घेतो त्याचा, आहे. चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक करावेत. खिडकी पांढरी पडली तर पडू द्यावी, चेहरा दिसला पाहिजे. खिडकीसमोर एक थर्माकोल धरले की चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला मऊ प्रकाश मिळतो. ऊन थेट येत असेल तर काचेला बटर पेपर लावावा. या दोन वस्तू स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि मी त्यांना भाड्याच्या लेन्सपेक्षा वरचे स्थान देतो.

धूसर पार्श्वभूमीविषयी माझे मत थोडे कडवट आहे. ५० मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स स्वस्त आणि चांगली आहे, परंतु ती पूर्ण उघडून जवळून घेतलेल्या क्लोजअपमध्ये नायिकेने मान किंचित हलवली तरी डोळे फोकसमधून सुटतात आणि नवख्या फोकस पुलरला (फोकस सांभाळणाऱ्या सहायकाला) ते छोट्या पडद्यावर कळतही नाही. एफचा आकडा वाढला की पार्श्वभूमी अधिक स्पष्ट होते, म्हणून एफ २.८ किंवा ४ वर काम करावे. पार्श्वभूमीतले जग थोडे दिसले तर ही दोन माणसे कोठे राहतात तेही कळते.

पावसात चित्रीकरण करणार असाल तर एवढेच लक्षात ठेवा की पाऊस समोरून प्रकाश टाकल्यास दिसत नाही, तो मागून उजळला तरच धारा दिसतात. रस्त्यावरचा दिवा किंवा उभ्या गाडीचे हेडलाइट पात्रांच्या मागे येतील अशी जागा निवडावी.

प्रश्न : दिसायला लघुपट छान झाला आहे, पण संवाद ऐकू येत नाहीत. गडावर वारा होता आणि घरातल्या प्रसंगात पंख्याचा आवाज आहे. संकलनात हे दुरुस्त होईल का?
— लघुपट गट, नाशिक

उत्तर : पंख्याचा एकसुरी आवाज बऱ्याच अंशी कमी करता येतो, कारण तो बदलत नाही आणि संगणकाला ओळखता येतो. माइकवर आदळलेला वारा मात्र संवादाचे शब्दच गिळून टाकतो, त्याला उपाय नाही. गडावरचे संवाद डब करावे लागतील. त्यासाठी स्टुडिओ नसला तरी चालेल. बंद खोलीत गाद्या-रजया लावून, कलाकाराला चित्र दाखवत, एका वेळी एकच वाक्य घ्यावे आणि चित्रीकरणात माइक जितक्या अंतरावर असता तितक्याच अंतरावर ठेवावा. तोंडाला चिकटवून घेतलेले डबिंग लगेच ओळखू येते. त्यानंतर गडावरचा मोकळा आवाज खाली पसरावा लागेल. तो वेगळा मुद्रित केला नसेल तर शांत वेळी पुन्हा गडावर जाऊन, माइकवर केसाळ आवरण घालून, घेऊन यावा.

पुढच्या वेळी प्रत्येक जागी पॅकअपपूर्वी सर्वांना स्तब्ध उभे करून एक मिनिटभर त्या जागेचा रिकामा आवाज मुद्रित करावा. दोन संवादांमधली फट याच आवाजाने भरली जाते. तो नसेल तर प्रत्येक कटवर कानाला ठेच लागते. मुद्रण ४८ किलोहर्ट्झवर करावे, आवाजाची शिखरे रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावीत, आणि एका माणसाने दिवसभर हेडफोन लावून फक्त ऐकावे. हे काम कोणी आनंदाने घेत नाही. त्याच्या नावाची श्रेयनामावलीत छायाचित्रकाराच्या बरोबरीने नोंद करावी, म्हणजे मिळेल कोणीतरी.

प्रेमकथेत कुजबूज वारंवार येते, म्हणून एक सूचना. खरी कुजबूज माइकला मानवत नाही. कलाकाराने आवाज थोडा चढा ठेवून कुजबुजीचा सूर धरावा. तिची पातळी नंतर खाली आणता येते.

प्रश्न : सुट्टीत गोव्याच्या किनाऱ्यावर आणि येताना एका रेल्वे स्थानकावर थोडे चित्रीकरण करण्याचा विचार आहे. विद्यार्थ्यांना परवानगी लागते का?
— द्वितीय वर्ष, पणजी

उत्तर : विद्यार्थी असल्याने परवानगीतून आपोआप सूट मिळत नाही. गोव्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांचे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते, महाराष्ट्रात एक खिडकी योजनेचे काम गोरेगावच्या चित्रनगरीतील महामंडळाकडे आहे, आणि रेल्वेच्या हद्दीसाठी संबंधित रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करावा लागतो. शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी असते. अर्जासोबत महाविद्यालयाचे पत्र, संहितेचा सारांश आणि गटाची यादी जोडावी. स्थानकाचा एकच शॉट असेल तर मी अर्जच करणार नाही. गाडीची शिटी, उद्घोषणेचा सूर आणि नायिकेच्या चेहऱ्यावरून सरकत जाणारे दिव्यांचे पट्टे एवढ्यावर स्थानक अंधाऱ्या खोलीतही उभे करता येते.

प्रश्न : आमच्या लघुपटात एका गाजलेल्या जुन्या हिंदी चित्रपटगीताची १५ सेकंदांची ओळ वापरली आहे. ३० सेकंदांपर्यंत चालते असे मित्र सांगतात. शिवाय हा शैक्षणिक प्रकल्प आहे. अडचण येईल का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ३० सेकंदांचा नियम कायद्यात कोठेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अध्यापनासाठी आणि शैक्षणिक संस्थेतील सादरीकरणासाठी काही सवलती आहेत, परंतु त्या संस्थेतील विद्यार्थी, शिक्षक आणि पालक अशा मर्यादित प्रेक्षकवर्गाभोवती फिरतात. तोच लघुपट यूट्यूबवर टाकला किंवा महोत्सवाला पाठवला की तुम्ही त्या सवलतींच्या बाहेर जाता. यूट्यूबची यंत्रणा गाणे आपोआप ओळखते आणि महोत्सव तुमच्याकडून हक्कांविषयी लेखी हमी मागतात.

गाण्यात एकापेक्षा अधिक हक्क असतात हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, तर शब्दांचा आणि चालीचा हक्क ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून गाणे ‘जुने’ आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. मुद्रण मुक्त झाले तरी गीतकाराचे शब्द बांधलेले असू शकतात. तुमच्या नायिकेने तीच ओळ स्वतः गुणगुणली तरी शब्द आणि चाल यांचा प्रश्न उरतोच.

यातून एक चांगली वाट निघते. बालकवींचे निधन १९१८ मध्ये आणि भा. रा. तांबे यांचे १९४१ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या कविता आता सर्वांसाठी मोकळ्या आहेत. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या संगीताच्या विद्यार्थ्याकडून त्यांना नवी चाल लावून घ्यावी. मात्र आपल्या कानात बसलेल्या प्रसिद्ध चाली नंतरच्या संगीतकारांच्या आहेत. त्या उचलू नयेत. तयार संगीत हवे असेल तर यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहात ते मिळते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायला मोकळे ठेवलेले, संगीत घेताना परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, फेरबदलास मनाई) ही अक्षरे असतील तर ते चित्राला जोडता येत नाही, कारण तसे जोडणे हा त्या परवान्यात फेरबदल मानला जातो.

प्रश्न : आमच्या लघुपटाचा कच्चा कट १४ मिनिटांचा झाला आहे. मुख्य प्रसंगात दोघे रात्री गच्चीवर बोलत बसलेले आहेत. संवाद चांगले आहेत, फोकस बरोबर आहे, सगळे जुळते आहे, तरीही आमच्या प्राध्यापकांनी पाहून सांगितले की यांच्यात काही आहे असे वाटतच नाही. मंद संगीत आणि स्लो मोशन घालून पाहिले, फरक पडला नाही.
— संकलन करणारी विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या दुव्यावरचा प्रसंग पाहिला. त्यात जो बोलतो तो दिसतो. तो बोलला की तो, ती बोलली की ती, आणि प्रत्येक कट वाक्याच्या पूर्णविरामावर. त्यामुळे प्रेक्षकाला मिळते ती केवळ माहिती, जी त्याला ऐकूनही मिळत होती. दोन माणसांमध्ये काही आहे हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी उमटते.

एक प्रयोग करून पाहा. संपूर्ण संवाद आहे तसा ठेवून चित्रात फक्त नायिकेचा क्लोजअप सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावा. मग दुसऱ्या प्रतीत फक्त नायकाचा लावा. दोन्ही प्रती आवाज बंद करून पाहा आणि जेथे चेहऱ्यावर काही हलते तेथे खूण करा. नायिकेच्या सलग टेकमध्ये, तो नोकरीसाठी बेंगळुरूला जाण्याविषयी सांगू लागतो तेव्हा, ती कपावरची बोटे सोडते आणि पुन्हा धरते. तुमच्या कटमध्ये त्या वेळी त्याचा चेहरा आहे. तुमचा प्रसंग त्या बोटांपाशी आहे. ‘बेंगळुरू’ हा शब्द तिच्या चेहऱ्यावर ऐकू यावा आणि त्यानंतर आपण त्याच्याकडे जावे, तेही त्याने पुढचे वाक्य सुरू केल्यानंतर थोड्या वेळाने.

आवाज आणि चित्र यांचे कट एकाच जागी पडू न देण्याची ही पद्धत आहे. पुढच्या शॉटचा आवाज आधी आला तर त्याला ‘जे’ (J) कट म्हणतात, मागच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळला तर ‘एल’ (L) कट. सेकंदात २५ चौकटी असतात. १० ते १२ चौकटींचा असा सरकाव बहुतेक ठिकाणी पुरतो. परंतु सगळीकडे तो एकसारखा लावला तर तीही सवय होऊन बसते. तिला उत्तर देण्याची घाई असेल तेथे सरळ कट ठेवावा, ती उत्तर टाळत असेल तेथे तिचा चेहरा धरून ठेवावा. किती वेळ, याचे गणित नाही. आपल्याला कट करावासा वाटतो त्या जागेच्या पुढे अर्धा सेकंद थांबून पाहावे. पुष्कळदा त्या अर्ध्या सेकंदात डोळे खाली जातात.

चेहऱ्यावर काही विशेष घडले नसेल तरी घाबरण्याचे कारण नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार शॉट सूपची थाळी, शवपेटीतील बालिका आणि एक स्त्री यांच्या चित्रांना आळीपाळीने जोडला, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे सांगितले जाते. भाव चेहऱ्यात जितका असतो तितकाच तो शेजारच्या शॉटमध्ये असतो. तुमच्याकडे नायकाचा, समोरच्या इमारतीकडे पाहतानाचा, एक शांत शॉट आहे, जो तुम्ही ‘एनजी’ (नो गुड, निरुपयोगी) म्हणून बाजूला ठेवला आहे. तो तिच्या बोटांच्या शॉटनंतर लावा.

आता सातत्याविषयी. कपाची उंची दोन शॉटमध्ये जुळत नाही म्हणून तुम्ही नायिकेचा सर्वांत चांगला टेक वापरलेला नाही. अमेरिकी संकलक वॉल्टर मर्च यांनी कट निवडण्याच्या सहा निकषांना जे वजन दिले आहे, त्यात भावनेला ५१ टक्के, कथेला २३ टक्के, लयीला १० टक्के, आणि जागेच्या सातत्याला सर्वांत कमी म्हणजे ४ टक्के आहेत. टक्केवारी शब्दशः घेण्याची गरज नाही, क्रम मात्र घ्यावा. प्रेक्षक डोळे पाहत असताना कप पाहत नाही. तुमच्या परीक्षकांनी सातत्यासाठी वेगळे गुण ठेवले असतील तर मर्च यांचे नाव कामाला येणार नाही, तेव्हा गुणपत्रिका आधी विचारून घ्या.

स्लो मोशन काढून टाका. तुमचे चित्रीकरण २५ चौकटींवर झाले आहे. ते संगणकात निम्म्या वेगाने केले की मधल्या चौकटी नसल्याने चित्र अडखळते. वेग कमी करायचाच असता तर तो शॉट ५० चौकटींवर घ्यायला हवा होता. संगीतही सध्या बंद करा. संगीत लावून कट केले की लय संगीताची होते, माणसांची राहत नाही, आणि कोणता शॉट खरोखर कमकुवत आहे हे झाकले जाते. चित्र पक्के झाल्यावर, म्हणजे पिक्चर लॉकनंतर, संगीत कोठे सुरू होते यापेक्षा ते कोठे थांबते हे आधी ठरवावे. ‘बेंगळुरू’ या शब्दापूर्वी ते थांबले आणि गच्चीवरचा रात्रीचा आवाज, लांबची लोकल, खालच्या मजल्यावरचा कुकर, एवढेच उरले तर मला पुरेसे वाटेल.

१४ मिनिटांचे ९ करायला जड जाणार नाही. सूर्यास्ताचा दीड मिनिटाचा तुकडा, दोघांची पहिली भेट आणि मैत्रिणीचा सल्ला ही तिन्ही प्रकरणे गच्चीवरच्या प्रसंगात पुन्हा सांगितली गेली आहेत. काढण्यापूर्वी त्या कटची एक प्रत वेगळ्या नावाने जतन करा, म्हणजे दिग्दर्शकाशी वाद घालणे सोपे जाते. रंगसंगतीचे काम अगदी शेवटी करावे. आधी सगळ्या शॉटमधला चेहऱ्याचा रंग एकसारखा आणावा, नंतरच प्रसंगाला एखादी छटा द्यावी. बाजारात मिळणारे तयार ‘सिनेमॅटिक’ लट (LUT, चित्राचे रंग एकदम बदलणाऱ्या फाइल) सावळ्या चेहऱ्यांना बहुधा नारिंगी किंवा राखाडी करून टाकतात.

प्रश्न : मोबाइलवर घेतलेले चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज सुरुवातीला जुळतात, पण सलग पाच मिनिटांच्या टेकमध्ये शेवटी ओठ आणि शब्द वेगळे होतात. क्लॅप दिला होता.
— लघुपट गट, बेळगाव

उत्तर : मोबाइल चित्रीकरण करताना चौकटींचा वेग प्रकाशानुसार किंचित कमी-जास्त करीत राहतो, संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र तो स्थिर आहे असे धरते. सर्व मूळ फाइल हँडब्रेक या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगावर रूपांतरित करून घ्याव्यात आणि मगच टाइमलाइनवर आणाव्यात. त्यानंतरही थोडा फरक राहिला, तर टेक मध्यभागी एखाद्या शांत जागी तोडून आवाज एक-दोन चौकटी सरकवावा. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर असल्याशिवाय मोबाइलमधून काहीही पुसू नये.